स्क्रू फिरवण्यापूर्वी

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, पाय रेसवर नाही, आणि तरीही इंजिन ओरडते आहे. ज्यांचे पोट गाडीवर चालते त्यांना हा अनुभव एकदा तरी आलेला असतो. मिस्त्रीलोक म्हणतात, 'गाडी रेस धरते' किंवा 'स्लो चढलाय'. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेतो, कार्बोरेटरचा एक स्क्रू फिरवतो, आवाज कमी होतो, थोडे पैसे हातावर पडतात आणि गाडी निघते. चार दिवसांनी पुन्हा तेच. गाडीत नक्की काय बिघडले हे मालकाला समजत नाही आणि कित्येकदा स्क्रू फिरवणाऱ्यालाही समजलेले नसते.

गाडीचे सदर वाचून मिस्त्री होता येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण कष्टाच्या पैशाने घेतलेल्या वस्तूला काय दुखते, एवढे तरी घरातल्या माणसांना कळले पाहिजे. ते कळले नाही म्हणून आमच्या घरात काय होता होता वाचले, ते आज सांगतो.

गोष्ट १९९९ सालची. आमची धाकटी बहीण धुळ्याला देवपुरात राहते. दाजी बाजार समितीत हमाली करत. त्यांची पाठ धरली तेव्हा घरात विचार झाला आणि पतपेढीचे कर्ज काढून थोरल्या भाच्यासाठी दहा वर्षांची जुनी ओम्नी घेतली. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली आणि पुढे तिचे नाव ओम्नी झाले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे छोटे इंजिन, पेट्रोल बेताचे आणि आत जागा भरपूर. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी दवाखान्याचे भाडे आणि शाळा उघडल्या की सकाळ-दुपार मुले, असा भाच्याचा धंदा बसला. हप्ता महिन्याच्या दहा तारखेला जाई. बहीण एका वहीत रोजचे किलोमीटर, पेट्रोल आणि मिळालेले पैसे लिहून ठेवी. ती स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली, पण वही कधी चुकली नाही.

मे महिन्यात त्या वहीने पहिली तक्रार केली. लिटरला चौदा किलोमीटर पडत होते ते बारावर आले, पुढे अकरावर. भाचा म्हणे, 'आई, भाव वाढला म्हणून तुला जास्त वाटतं.' बहीण म्हणे, 'मी रुपये नाही पाहत, लिटर पाहते.' तेवढ्यात गाडी सकाळी बंद पडू लागली. चालू करावी, दोन मिनिटे थरथरावी आणि गचकन बंद व्हावी. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने स्क्रू आवळून दिला. गाडी बंद पडायची थांबली, पण दुपारी इंजिन तापले की रेस धरू लागली. दुसऱ्याने स्क्रू थोडा सोडला, तर सकाळी पुन्हा बंद. तिसऱ्याने पुन्हा आवळला आणि सांगितले, 'कार्बोरेटर गेला. अडीच हजार लागतील.' त्या काळी अडीच हजार म्हणजे दोन हप्ते. बहिणीने कानातले मोडायची तयारी केली.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि एका सकाळी शाळेच्या फाटकाशी तो प्रसंग घडला. भाच्याने गाडी थांबवली, पहिला गिअर तसाच ठेवून क्लच दाबून धरला आणि मागे वळून मुलांना उतरायला सांगितले. वळताना क्लचवरचा पाय जरासा सैल झाला. इंजिनाचा स्लो बरोबर असता तर गाडी एक गचका देऊन बंद पडली असती. पण इंजिन चढलेले होते. गाडी दोन हात पुढे सरकली. पायरीवर एक पाय असलेली दुसरीतली मुलगी खाली पडली. गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावले. पण मागचे चाक तिच्या पायापासून किती लांब होते, ते भाच्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी बहिणीने शेजारच्या टेलिफोन बूथवरून आम्हाला जळगावला फोन केला. 'दादा, पोरगं म्हणतंय गाडी विकून टाकू. तुम्ही एकदा येऊन बघा.'

वाचकहो, गिअर टाकून क्लचवर गाडी उभी ठेवणे ही भाच्याची चूक होती आणि ती आम्ही त्याला स्पष्ट सांगितली. माणसे चढता-उतरताना गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक वर, हा नियम गाडी नवी असो की जुनी, सर्वांना सारखाच. पण चूक माणसाची म्हणून गाडीचा दोष माफ होत नाही.

रविवारी आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो. गिरणा ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत धुळे गाठले. वाटेत एकच गोष्ट मनात घोळत होती. तीन मिस्त्रींनी एकच स्क्रू फिरवला. मग तो स्क्रू करतो तरी काय?

ते आधी समजून घेऊ. पेट्रोल एकटे जळत नाही, त्याला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा ग्रॅम हवा लागते. मापाने सांगायचे तर एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. म्हणजे इंजिन पेट्रोल पिते त्यापेक्षा कितीतरी पटीने हवा ओढते. हवेच्या वाटेत एक गोल झडप असते. आपण रेस दाबतो तेव्हा ही झडप उघडते. पाय काढला की झडप मिटते, पण पूर्ण मिटली तर इंजिन गुदमरून बंद पडेल, म्हणून तिला केसभर उघडी ठेवतात. केसभर किती, ते ठरवणारा तो स्क्रू. आवळला की झडप थोडी जास्त उघडते आणि इंजिन जोरात फिरते. सोडला की हळू फिरते. गरम झालेले छोटे पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० ते १००० फेरे घेते. याला स्लो म्हणावे.

आता पाहा. झडप मिटलेली असताना इंजिन हवा ओढतच असते, त्यामुळे झडपेच्या पुढच्या भागात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, जोराची ओढ तयार होते. त्या भागात कुठे पॅकिंग बसले, नट सैल झाला, रबरी पाईप चिरला, तर हवा तिथून चोरवाटेने आत शिरते. या हवेच्या वाट्याचे पेट्रोल कार्बोरेटरने दिलेले नसते. मिश्रण पातळ होते, इंजिन थरथरते आणि थंड असताना तर बंदच पडते. मिस्त्री मग स्क्रू आवळून झडप जास्त उघडतो. इंजिन बंद पडत नाही, पण तापल्यावर तेच इंजिन रेस धरते आणि पेट्रोल वाया जाते. म्हणजे दोष एका ठिकाणी आणि उपाय दुसऱ्याच ठिकाणी. भाच्याच्या गाडीत हेच झाले असावे असा आमचा अंदाज होता. पण अंदाजावर पैसे खर्च करायचे नसतात. एकेक शक्यता तपासून बाजूला करायची असते.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. आम्ही गाडी अंगणातून बाहेर उघड्यावर घेतली, चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला टाकला आणि सीट उचलली. भाची नववीत होती. ती वही-पेन्सिल घेऊन शेजारी उभी राहिली. तिला सांगितले, आधी केस बांध, ओढणी आत खोच. फिरत्या पट्ट्यात आणि पंख्यात ओढणी, पदर किंवा बाही गेली तर काय होते ते येथे लिहिण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न, हा दोष आहे की गाडीचा स्वभाव? थंड इंजिन थोडा वेळ जोरात फिरणे हे बरोबरच आहे. चोक ओढला की झडपही जरा उघडते, ती त्यासाठीच. पण आपल्या खान्देशात जूनमध्ये इंजिन तापायला किती वेळ लागणार? दहा मिनिटे झाली, चोक आत होता, तरी आवाज उतरला नव्हता. म्हणजे दोष नक्की.

दुसरा प्रश्न, पाय काढल्यावर झडप खरोखर मिटते का? इंजिन बंद करून भाच्याला रेस दाबायला आणि सोडायला सांगितले. कार्बोरेटरवरची दांडी दर वेळी टक्क आवाज करून जागेवर येत होती. केबलला थोडी ढील होती. कित्येक गाड्यांचा दोष इथेच सापडतो. केबल आत गंजलेली, स्प्रिंग ढिली, ओढून ताणून बसवलेली केबल, नाहीतर पायाखालची चटई पॅडलमध्ये अडकलेली. हे तपासायला एक पैसाही लागत नाही. म्हणून तपासणी नेहमी येथून सुरू करावी.

तिसरा, चोक. दांडी आत सारली तरी कार्बोरेटरकडचे टोक पूर्ण परतते का ते डोळ्यांनी पाहिले. परतत होते.

चौथा, तो स्क्रू. त्याला हात लावण्यापूर्वी पांढऱ्या रंगाची खूण केली आणि तो सुटेपर्यंत किती फेरे घेतो ते भाचीने वहीत लिहिले. हे फार महत्त्वाचे आहे. पहिली जागा लिहून ठेवली नाही तर परत येण्याची वाट राहत नाही. स्क्रू चांगलाच आत गेलेला होता. मोजलेले फेरे परत देऊन आम्ही तो जसाच्या तसा ठेवला.

पाचवा प्रश्न, हवा कुठून चोरून शिरते? गाडी चालू केली. काही लोक अशा वेळी तेलाच्या कुपीतून पेट्रोलची धार मारून पाहतात. गळतीवर पेट्रोल पडले की इंजिनाचा आवाज बदलतो हे खरे आहे. पण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडवणे म्हणजे आगीला आमंत्रण. प्लगच्या वायरीतून एक ठिणगी उडाली तरी पुरे. आम्ही ते करत नाही आणि वाचकांनीही कोणाला करू देऊ नये. त्यापेक्षा दोन साधे उपाय आहेत. एक, हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक पाईप-पॅकिंगच्या कडेने हळूहळू फिरवावे. हवा शिरत असेल तिथे सुंऽऽ असा आवाज येतो. दोन, मॅनिफोल्डला जोडलेले रबरी पाईप एकेक करून मऊ फडके गुंडाळलेल्या पकडीने क्षणभर दाबावेत. ज्या पाईपाला दाबल्यावर इंजिनाचा सूर बदलतो, तिकडे संशय धरावा.

नळी भाचीने घेतली. आमचे कान कारखान्याच्या आवाजाने निम्मे गेलेले. कार्बोरेटरखालच्या पॅकिंगभोवती तिने दोनदा नळी फिरवली, काही नाही. मग ती मागे सरकली आणि थांबली. 'मामा, इथं कुकरसारखं वाजतंय.' एक बारीक पाईप होता. वरून चांगला दिसत होता. आम्ही पकडीने दाबला. आणि काय आश्चर्य, थरथर थांबली, इंजिन एका सुरात चालू लागले, पण आवाज उतरण्याऐवजी आणखी चढला! भाचा घाबरला. 'मामा, काय व्हयनं? वाढी गई ना!'

आम्ही हसलो, कारण हेच हवे होते. चोरवाट बंद झाली, मिश्रण पुन्हा बरोबर झाले, म्हणून इंजिनाचा जोर वाढला. आणि झडप तर तीन मिस्त्रींनी मिळून गरजेपेक्षा जास्त उघडून ठेवलेलीच होती. आता स्क्रू सोडायची वेळ आली होती.

इंजिन बंद केले, गार होऊ दिले आणि पाईप काढला. क्लिपखालच्या टोकाला नखाएवढी चीर होती. वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नव्हती. रबर वाळलेल्या चिंचेसारखे कडक झालेले. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नव्हता. रबर दहा वर्षांचे होते, इंजिन सीटखाली कोंडलेले, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात दिवसभर उभ्या गाडीतले रबर आणखी किती टिकणार?

भाचा सायकलवर आग्रा रोडला जाऊन त्याच मापाचा पाईप आणि दोन क्लिपा घेऊन आला. बारा रुपये लागले. जुना तुकडा सोबत नेला होता म्हणून माप चुकले नाही. पाईप बसवला, गाडी तापवली आणि स्क्रू पाव-पाव फेरा सोडत आणला. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थांबून ऐकायचे. थरथर नको आणि ओरडणेही नको, अशा जागी तो थांबवला. शेवटी हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा दुसरा स्क्रू राहिला. तो ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकडून मीटर लावून बसवून घेतला, कारण ते काम कानावर सोडण्यासारखे नाही. त्याने इग्निशनचे टायमिंगही पाहून दिले. तेही फार पुढे सरकले तर स्लो चढतो. त्याचे पन्नास रुपये बहिणीने आनंदाने दिले. बासष्ट रुपयांत काम झाले. पुढच्या आठवड्यात वहीत पुन्हा चौदाचा आकडा आला, आणि ती वही बहिणीने आम्हाला मुद्दाम दाखवली.

भाच्याने त्या मुलीच्या घरी जाऊन आई-वडिलांची माफी मागितली. गाडीत काय दोष होता आणि आपली काय चूक झाली, दोन्ही सांगितले. त्यांनी मुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गाडीत बसवले. आमच्या मते त्या सगळ्या दुरुस्तीत हे सर्वांत अवघड काम होते आणि ते त्याने एकट्याने केले.

आता कोणी म्हणेल, हे जुने झाले. बरोबर आहे. २००० सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहाचा नियम लागू झाला. ओम्नीचे उत्पादनही २०१९ साली थांबले. आताच्या गाडीत स्लो ठरवतो तो छोटा संगणक. त्याला मिस्त्री 'ईसीएम' म्हणतात. पण इंजिन हवा ओढते ती तशीच, आणि रबर उन्हाने चिरते तेही तसेच.

फरक एवढाच की इंजेक्शनच्या गाडीत चोरवाटेने हवा शिरली तर बहुतेक वेळा इंजिन बंद पडण्याऐवजी थेट रेस धरते. पुष्कळशा छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असतो. हवा जास्त आली की दाब बदलतो आणि संगणक त्या मानाने पेट्रोलही जास्त सोडतो. म्हणून या गाड्यांतही आधी पाईप, क्लिपा आणि पॅकिंग पाहावे. ज्यांच्या गाडीला ब्रेकचा बूस्टर आहे त्यांनी त्याचा जाड पाईप अगत्याने पाहावा. तो चिरला तर स्लो चढतोच, शिवाय ब्रेक पॅडल दगडासारखे कडक होते. अशी गाडी रस्त्यावर काढूच नये.

यानंतरचा क्रम असा. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की झडप नीट मिटत नाही किंवा चिकटते. ती साफ करण्याचा स्प्रे मिळतो. इंजिन बंद ठेवून, गार झाल्यावर, मऊ फडक्याने साफ करावी. ज्या गाडीत रेसला केबल नसून वायर आहे, तिची झडप बोटाने ढकलू नये, आतली मोटर बिघडते. दुसरी वस्तू म्हणजे स्लो सांभाळणारी छोटी मोटर किंवा व्हॉल्व्ह. तो काजळीने अडकला की इंजिन एकाच चढ्या आवाजात राहते. तिसरी, रेडिएटरच्या पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर. तो बिघडला तर इंजिन तापलेले असूनही संगणकाला ते थंडच वाटते आणि तो स्लो वर ठेवतो. पाणी कमी झाले तरी असाच घोटाळा होतो. म्हणून पाण्याची पातळी पाहावी, पण गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण चुकूनही उघडू नये. आणि बॅटरी काढून पुन्हा लावली असेल तर काही गाड्यांचा स्लो थोडे दिवस वरखाली होतो. संगणक पुन्हा शिकत असतो. अशा वेळी लगेच सुटे भाग बदलण्याची घाई करू नये.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावायला सांगावे आणि पडद्यावरचा कोड स्वतः लिहून घ्यावा. स्लो ठरल्यापेक्षा जास्त आहे, हे सांगणारा नेहमीचा कोड 'पी ०५०७' असा असतो. पण नीट समजून घ्या. हा कोड फक्त एवढेच सांगतो की इंजिन जोरात फिरते आहे, आणि ते तर आपल्या कानांनाही कळते. का फिरते, ते तो सांगत नाही. कोड निघाला म्हणून लगेच 'थ्रॉटल बॉडी बदला' असे कोणी म्हणाले, तर त्याला शांतपणे विचारावे, 'पाईप तपासले का? दाबून पाहिले का?' चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. उलट गिऱ्हाईक समजदार आहे म्हणून मनापासून काम करतो.

मोटारसायकलवाल्या बंधूंनीही हे ध्यानात ठेवावे. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधले रबर चिरते, किंवा हँडलपासून येणारी रेसची केबल अडकते. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. वळवताना आवाज चढला तर केबल ताणलेली आहे. या तपासणीलाही खर्च नाही.

सर्वांसाठी चार गोष्टी पुन्हा सांगतो. गाडी बंद खोलीत किंवा पडवीत चालू ठेवून तपासू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याची जागा लिहून ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. आणि काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा. तो आपला आहे आणि आपण त्याचे पैसे दिले आहेत.

घरात गाडीची वही ठेवा, अशी आमची भगिनींना खास विनंती आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, एवढेच तीन रकाने. गाडी चालवणाऱ्याच्या कानाला आवाजाची सवय होते, रोज थोडा थोडा चढलेला स्लो त्याला कळत नाही. वहीला मात्र कशाचीच सवय होत नाही. आमच्या बहिणीच्या घरी दोष पहिल्यांदा वहीला कळला होता. तो त्याच महिन्यात मनावर घेतला असता, तर शाळेच्या फाटकाशी तो प्रसंग घडलाच नसता. ही चूक आमचीही आहे. मे महिन्यात लग्नाला धुळ्याला गेलो तेव्हा बहिणीने वही पुढे केली होती आणि आम्ही 'बघू नंतर' म्हणून ताटावर बसलो होतो.

भाचीबद्दल लिहायचे राहिले. त्या दिवशी नळी कानाला लावणाऱ्या मुलीला दाजी म्हणाले होते, 'हे पोरींचं काम नाही.' आम्ही काही बोललो नाही. बहीणच बोलली, 'ऐकू तर तिलाच आलं.' दहावीनंतर तिने धुळ्याच्या आय.टी.आय.चा फॉर्म आणला. मोटार मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा असतो. पण घरच्यांनी तिला शेवटी वेगळ्या शाखेला घातले आणि ती आज शिक्षिका आहे. तिची मुलगी आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात तिने आम्हाला विचारले, 'आजोबा, मेकॅनिकला मुली घेतात का?' घेतात, असे आम्ही सांगितले, आणि निकाल लागला की फॉर्म भरायला आपण स्वतः सोबत येऊ असेही सांगून ठेवले आहे. या वेळी 'बघू नंतर' म्हणणार नाही.

तूर्त इतकेच. आपापल्या गाडीचे अनुभव जरूर कळवा. पुढील अंकी पावसाळ्यापूर्वी ब्रेक आणि टायर कसे पाहावेत, ते लिहू.